सपनाचे सर

परभणीच्या त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे तिघंच होते, आणि गावानं तिघांनाही आपल्या सोयीची नावं देऊन टाकली होती. विभागप्रमुख भगवानराव लाकडी ठोकळे आणि स्टॉपवॉच घेऊन शाळाशाळांतून पोरांची बुद्धी मोजत हिंडायचे. ते डोकं मोजणारे सर. दुसऱ्यांचा अभ्यास विस्मरणाचा. शिकलेलं माणूस कोणत्या चालीनं विसरत जातो याचे आलेख ते काढायचे आणि दर आठ दिवसाला आपली छत्री कुठं तरी ठेवून यायचे. ते इसराळू सर. तिसरा रंगनाथ सटवाजी खंदारे. टांगेवाल्यापासून पोस्टातल्या माणसापर्यंत सगळे त्याला सपनाचे सर म्हणायचे.

वेळापत्रकात रंगनाथच्या वाट्याला कायम दुपारी दोनचा तास यायचा. बी.ए. दुसरं वर्ष, प्रकरण 'निद्रा आणि स्वप्न'. बाहेर ऊन पांढरं होऊन पडलेलं असायचं. जिनिंगकडून कापसाचे तंतू तरंगत तरंगत खिडकीतून आत यायचे आणि कुणाच्या वहीवर, कुणाच्या केसांवर बसायचे. वर्गातली अर्धी पोरं जेवून आलेली, अर्धी उपाशी. पेंगायची मात्र सगळीच. दुसरा कुणी असता तर खडू फेकून मारला असता. रंगनाथ बोलता बोलता त्या बाकापाशी जायचा, आवाज हळू हळू उतरवायचा, आणि पोरगं दचकून वर बघितलं की विचारायचा, "काय दिसलं?"

पोरगं अर्धवट झोपेत खरं ते सांगून टाकायचं. "सर, आमची म्हैस मोंढ्यात भाषण करायली होती."

वर्ग हसून हसून लोळायचा. रंगनाथ हसायचा नाही. फळ्यावर तारीख घालून 'म्हैस, मोंढा, भाषण' असं लिहायचा आणि म्हणायचा, "आता गप बसा आणि ऐका." सगळे ऐकायचे. लांब मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणी तरी लाउडस्पीकरवर बियाण्याची जाहिरात करत असायचं. "बाहेरचा आवाज झोपेत शिरताना कपडे बदलून शिरतो," रंगनाथ सांगायचा. त्याच्या विषयाचं हे पहिलं सूत्र होतं.

सूत्र त्याला कुठल्या पुस्तकानं दिलं नव्हतं. त्याचा बाप सटवाजी पूर्णा जंक्शनला गँगमन होता आणि क्वार्टर रुळाला लागून. गाडी पोराच्या उशापासून वीस हातावरून जायची. मनमाडकडची पॅसेंजर झोपेत शिरली की कुणी तरी घराएवढ्या सुपात ज्वारी पाखडतंय असं त्याला दिसायचं. मालगाडी आली की आभाळातून हत्ती ओळीनं चाललेले. इंजिन पाणी प्यायला थांबलं की हत्तीही थांबायचे, सोंडा खाली सोडून उभे राहायचे, आणि मग शिट्टी झाली की निघायचे. सकाळी उठून तो आईला, सरजाबाईला, हे सगळं सांगायला जायचा, तर ती त्याच्या तोंडावर हात ठेवायची. "गप. आदी चूळ भर." चूळ भरेस्तोवर हत्ती निघून गेलेले असायचे.

पुढं औरंगाबादला बोर्डिंगात राहून एम.ए. करताना स्वप्नांवरचं प्रकरण आलं आणि रंगनाथ ते प्रकरण संपल्यावरही त्यातून बाहेर आला नाही. अडुसष्टला नोकरी लागली. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि उठला. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात त्यानं पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय, दुष्काळ सोसलेल्या खेड्यातल्या माणसांची स्वप्नं. क्षेत्र, ताडकळस आणि भोवतालची गावं.

मग चार वर्षं त्याचा एकच नेम. बाजाराच्या दिवशी सकाळच्या यष्टीनं ताडकळसला उतरायचं, बाजाराच्या कडेच्या लिंबाखाली दस्ती अंथरायची, मांडीवर जाड वही घ्यायची. सोबत चहाचा थर्मास. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या कपात प्यायचा हा सवाल निघूच नये म्हणून तो आपला चहा आपण आणायचा. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं, कोण कशाला सांगेल? अनोळखी माणूस, हातात वही, लोकांना वाटायचं वसुलीचा आला. दोन बाजार तो नुसता बसून परत गेला. तिसऱ्या बाजारी लिंबापलीकडं मेंढरं बसवून लोकर कातणारी भिवराबाई उठून आली. धनगराची बाई, पन्नाशीची, कपाळावर हिरवं गोंदण. हातातली चाती फिरतच होती.

"तुमी सपनं लिवून घेता म्हनं?"

"हो मावशी."

"आनि मंग?"

"मग परभणीला नेतो. अभ्यास करतो."

"परभनीला नेता?" तिनं दोनदा विचारलं. "हितं न्हाई ठेवत?"

"इथं कशाला ठेवू?"

ती खाली बसली आणि सांगायला लागली. कोरड्या आडात तिची बाज तरंगत होती आणि बाजेवर तिचा मेलेला दीर बसून रेशनच्या मिलोची भाकर मागत होता. सांगून झालं, तिनं दोन्ही हात झटकले, जशी पिठाचे हात झटकते बाई, आणि मेंढरांकडं निघून गेली. पुढच्या बाजारी लिंबाखाली रांग होती.

इतकी सरळ, इतकी हौसेनं सांगणारी माणसं कुठल्याच संशोधनाच्या पुस्तकात नव्हती. खडी फोडून ढीग लावला की वळून बघेस्तोवर तो पुन्हा अखंड धोंडा होऊन बसलेला. दुष्काळी कामावरच्या सुकडीची रांग पुढं सरकते आणि बाई रांगेसकट मागं मागं जातेय. शहात्तरच्या साली नसबंदीची जीप सपनांतही शिरली. तमाम गडी ज्वारीत लपायला पळायचे आणि ज्वारीच त्यांना सोडून पळायची. रंगनाथ लिहीत जायचा. लिंबाच्या सावलीत बाजाराचा गलका पाण्याखालून आल्यासारखा यायचा, मिरचीचा ठसका, कोथिंबिरीचा वास, आणि समोर एकामागून एक माणूस बसून दुसऱ्याच मुलखातल्या गोष्टी सांगतंय. कधी कधी त्याला कळायचं नाही की आपण जागे आहोत की यांच्यापैकीच कुणाच्या तरी झोपेत बसलोय.

एक गोष्ट त्यानं बारकाईनं टिपली होती. सांगून झालं की सगळेच हात झटकतात. त्यानं वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला आणि वर मथळा घातला, 'चिंतेची शारीरिक लक्षणं'.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत सगळं मोजून झालं. चारशे बारा स्वप्नं, एकशे तीस माणसं. चांगलं म्हणावं असं त्यात एकही नव्हतं. औरंगाबादचे गाईड आकडे बघून खुर्चीतच पुढं सरकले. "खंदारे, एकही नाही? एकही?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे मोठं आहे." रंगनाथ घरी आला आणि आठ दिवसात शेवटचं प्रकरण लिहून काढलं. त्यातलं एक वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्यानं ते टायपिस्टाला ठळक करायला लावलं. 'दुष्काळ व दारिद्र्य यांमुळे या भागातील ग्रामीण मनाची सुखद स्वप्न पाहण्याची क्षमताच खुंटली आहे.' नोंदणीची मुदत एकतीस मार्चला संपत होती. तोवर चार प्रती बांधून दिल्या की झालं.

विभागाचा शिपाई मुंजाजी तर तेवढंही थांबला नाही. त्यानं रंगाऱ्याकडून पत्र्याची पाटी करून आणली, निळ्यावर पांढरी अक्षरं, 'डॉ. रंगनाथ खंदारे', आणि आरशाच्या प्रयोगाचं सामान ठेवायच्या कपाटामागं दडवून ठेवली. "तारीख आली की ठोकतो," तो म्हणाला. "खिळे बी आनून ठिवलेत."

फेब्रुवारीतल्या एका बाजारी रंगनाथ शेवटचा म्हणून ताडकळसला गेला. आता विचारायचं काही नव्हतं. नुसता रामराम करायला. भिवराबाई लिंबापलीकडं होतीच. त्यानं तिला सांगितलं, काम झालं, पुस्तक झालं.

"काय लिवलं त्यात आमचं?"

त्याला ते ठळक वाक्य साध्या बोलीत सांगायचं होतं. "लिहिलं की मावशी, तुमच्या इकडच्या एकशे तीस माणसांत एकालाही चांगलं सपान पडत नाही. इतकं सोसलंय लोकांनी."

भिवराबाईनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता चाती हातातून सुटली, लोकरीचा धागा धुळीत लोळत गेला, तरी बाई हसतच होती. शेजारी वांगी विकत बसलेली कासाबाई वाकून म्हणाली, "काय झालं गं?"

"सर म्हनायलेत आपल्याला चांगलं सपान पडतच न्हाई!"

"आं?" कासाबाई वांगं हातात धरून बघत राहिली. "एवढं शिकलेलं मानूस असं कसं म्हनायलंय?"

"मग मला कुणी का सांगितलं नाही?" रंगनाथ म्हणाला.

"आवो सर," भिवराबाई डोळे पुसत म्हणाली, "चांगलं कोन सांगत असतंय? सांगितलं की गेलं. ते फळतंय का मंग? चांगलं पोटात ठिवायचं. वंगाळ तेवढं सांगून टाकायचं. तेबी गावात न्हाई. गावातून जानाऱ्याला. तुमच्या आदी कासार यायचा बांगड्या घेऊन, त्याला सांगत होतो जाता जाता. तुमी आलाव, यष्टीनं जाताव, लिवून घेताव, म्हंजी पक्कंच गेलं. हात झटकला की मोकळं."

लिंबाखालचा गलका पुन्हा पाण्याखाली गेला. रंगनाथला आपली वही दिसली, चारशे बारा पानांची, आणि त्यातला तो रकाना. मग त्याच्या मनात एक फार जुनी गोष्ट वर आली आणि ती तिथं थांबली. त्याचा आजा गावात मेलेलं जनावर ओढून न्यायचा. गावाला नको ते गावाबाहेर न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घराकडं होतं. 

"मलाच का सांगितलं?" तो म्हणाला. आवाज त्याला हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "मी कोण आहे ते माहीत होतं म्हणून?"

भिवराबाईचं हसू थांबलं. तिला समजलं होतं. ती धागा गोळा करायला लागली, धूळ फुंकत फुंकत. "न्हाई म्हनत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "कुनाच्या मनात तसं असंलबी. म्या कशाला खोटं बोलू? पर कासार कुठं तुमच्यातला होता? मला इचारशाल तर, तुमी ऐकता म्हनून सांगितलं. कासार ऐकत नव्हता. हूं हूं करून बांगडी चढवायचा."

त्या दिवशी थर्मासमधला चहा तसाच परत आला.

घरी सरजाबाई अंगणात कुरडया राखत बसली होती. रंगनाथ चप्पल न काढता तिच्यापुढं बसला. "माय, चांगलं सपान सांगायचं नसतं, हे तुला माहीत होतं?"

"मंग? कोनाला माहीत नसतंय?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं व्हय? चार वर्सं झाले, तू ताडकळसला जायलास. घरच्या म्हातारीला कवा इचारलंस, तुझं सपान काय म्हून?"

हे खरंच होतं. आपलीच आई प्रयोगाला घेऊ नये असं पद्धतीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं.

"आपण तर सगळं सोडलं ना माय? छप्पन साली?"

"देव सोडले," सरजाबाईनं कावळा हाकलला. "बाबासाहेबानं सांगितलं, सोडले. टोपल्यात घातले आनि पूर्णेला वाहून आले तुझा बाप आनि मी. पर सपनाचं कुठं काय सांगितलंय त्यांनी? सपान देव हाय का?"

रंगनाथला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. "तू वाईट सपान कुणाला सांगायचीस? आपल्याकडं कासार यायचा का?"

"मी इंजनाला सांगत होते."

"काय?"

"मालगाडीला. हैदराबादकडं जानाऱ्या. रुळाच्या कडंला उभं राहायचं, गाडी धडधडायली की मोठ्यानं बोलायचं. कुनाला ऐकू येत न्हाई. शेवटचा डब्बा गेला की घरी यायचं." तिनं कुरडई उलटी केली. "तुला साडेतीन वर्साचा असताना गोवर झाला तवा रोज जात होते."

रंगनाथनं चप्पल काढून बाजूला ठेवली. लहानपणी झोपेत दिसलेले ते हत्ती त्याच्या डोळ्यांपुढून चालले. त्यांच्या पाठीवर त्याच्या आईची वाईट सपनं लादलेली होती, आणि ती सगळी हैदराबादकडं चालली होती.

"आणि चांगली?" त्यानं विचारलं.

सरजाबाईनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. गालावरची सुरकुती मात्र लपली नाही. "फळलं की कळंल तुला," ती म्हणाली.

मार्च निवडणुकीच्या भोंग्यात सुरू झाला. रंगनाथनं रजा टाकली आणि रोज यष्टी धरली. त्याला चांगली सपनं हवी होती, दहा-वीस तरी. म्हणजे शेवटचं प्रकरण बदलता आलं असतं. ताडकळसला तो माणसामाणसाला गाठायला लागला.

"चांगलं सपान पडतं का?"

"पडतंय की."

"काय पडतं?"

"तुमाला कशाला?"

सूर्यभान नावाचा एक गडी, जो जीपच्या सपनासाठी तीनदा रांगेत उभा राहिला होता, तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सर, परवाच पडलंय. लय झकास. फळलं की तुमच्या घरी येऊन सांगतो, पेढ्यासहित."

"कधी फळेल?"

"ते सपनाला इचारा."

कासाबाईनं तर त्याला बघताच वांग्याच्या टोपलीवर पोतं टाकलं, जसं काही तिचं सपान तिथंच ठेवलेलं होतं. म्हणाली, "वंगाळ पायजे तर हाय एक ताजं. चांगलं मागू नका, मी मानूस चांगली हाय म्हून सांगते." सगळा बाजार हसला. रंगनाथही हसला, पण यष्टीत बसल्यावर त्यानं बोटांवर दिवस मोजले. नऊ.

औरंगाबादला जायच्या दिवशी पहाटे त्याला सपान पडलं.

उजाडायला लागलं होतं. अंगणात सडा पडल्याचा वास येत होता, लांब स्टेशनात गाडी धापा टाकत उभी होती, आणि त्या धापांवर बसूनच ते सपान आलं असावं. रंगनाथ डोळे मिटून पडून राहिला. ते अजून पापणीच्या आत होतं, ओलं, अख्खं, कडेनं थोडं उजेडात विरघळणारं. उशाला वही आणि पेन्सिल होती. चार वर्षं तो स्वतःची सपनं, बहुतेक तास नाही तर यष्टी चुकल्याची, उठल्याबरोबर लिहून काढायचा, तशी त्यानं विद्यार्थ्यांनाही सवय लावली होती. हात वहीवर गेला. पान उघडलं. तारीख घातली.

त्याची बायको लक्ष्मी, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, वेणी घालत दारात उभी होती. "हसायलाव कशाला झोपेत? काय पडलं?"

"काही नाही," रंगनाथ म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच चपापला. त्यानं पेन्सिल टेकवली. पहिला शब्द त्याला ठाऊक होता. तो लिहिला की बाकीचं येणार होतं, ओळीनं, कुठंही न अडखळता. पेन्सिलीचं टोक कागदावर तसंच राहिलं आणि तिथं एक बारका ठिपका झाला. मग त्यानं वही मिटली, उठला आणि चूळ भरली.

गाईड व्हरांड्यात बसले होते. रंगनाथनं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि ताडकळसचं सगळं सांगितलं, कासार, यष्टी, हात झटकणं, इंजिनसुद्धा. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. माणूस वाईट नव्हता.

"खंदारे, तुमचं म्हणणं खरं असेलही," ते म्हणाले. "पण जे तुमच्या वहीत नाही ते मी परीक्षकांना काय दाखवू? एक तरी चांगलं स्वप्न आणा. एक. तळटीप टाकू, शेवटचं प्रकरण मऊ करू, भागेल."

"सांगत नाहीत सर."

"मग पडतात कशावरून?"

"पडतात."

"कशावरून, विचारतोय मी."

रंगनाथनं पाण्याचा गिलास उचलला. "मला आज पहाटे पडलंय."

गाईड मोठ्यानं हसले, मोकळे झाल्यासारखे. "अहो मग! तुम्ही त्याच भागातले, त्याच समाजात वाढलेले. सांगा." त्यांनी टोपण काढलं, कोरा कागद ओढला. "सांगा, मीच लिहून घेतो."

व्हरांड्याबाहेर गुलमोहराखाली कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पेन कागदावर थांबलं होतं. सपान रंगनाथच्या गळ्यापाशी आलं, अगदी जिभेपाशी आलं. सांगायला पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटात चार वर्षं वसूल. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि सपान पाण्यासोबत खाली उतरलं.

"नाही सर," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सांगणार नाही."

गाईडनी टोपण लावलं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, रागानं नाही, एखादी अवघड आकृती बघावी तसे. "तुम्ही मानसशास्त्राचे प्राध्यापक आहात, खंदारे."

"होय सर."

"मग आहे तसंच द्या. ते वाक्य चांगलं आहे तुमचं. कोण विचारणार आहे तिकडे?"

तिकडे म्हणजे ताडकळसला. रंगनाथला भिवराबाईचे हलणारे खांदे दिसले, आईची ती सुरकुती दिसली, बैलाच्या पाठीवर हात ठेवलेला सूर्यभान दिसला. त्यांच्यावर छापील शिक्का मारायचा की यांना चांगलं दिसतच नाही. आणि तो मारणारा हात आपला.

"ते वाक्य खोटं आहे सर," तो म्हणाला आणि गठ्ठा उचलला.

परतीची गाडी रिकामी होती. जालना गेलं, सेलू गेलं. कापणी झालेल्या रानांवर संध्याकाळ पिवळी होऊन पसरली होती आणि गाडीची सावली धसकटांवरून लांब लांब पळत होती. मांडीवर गठ्ठा. त्याला वाटलं होतं, फार दुःख होईल. होतंही. पण त्या दुःखाच्या तळाशी सकाळचं ते सपान बसून होतं, कुणाचाही हात न लागलेलं.

एकतीस मार्च आला आणि गेला. नोंदणी रद्द झाल्याचं कार्ड पुढल्या आठवड्यात आलं. भगवानराव हळहळले, पुन्हा नाव नोंदवा म्हणाले. इसराळू सर महिनाभर 'डॉक्टर, अभिनंदन' म्हणत राहिले. मुंजाजीनं पाटी कपाटामागून काढली. "टाकायची कशाला? पैशाची पाटी हाय," म्हणून त्यानं 'डॉ.'वर निळा रंग मारला आणि ती दारावर ठोकली. वरचा निळा नवा, खालचा आधीचा. उन्हाचा तिरपा कवडसा आला की ते 'डॉ.' निळ्याच्या आत निळंच दिसायचं. रंगनाथनं ती तशीच राहू दिली.

एप्रिलमधल्या बाजारी तो ताडकळसला उतरला तेव्हा लिंबाला मोहर आला होता. त्यानं दस्ती अंथरली. वही नवी होती, पातळ. एका पानाला एक माणूस. वर नाव, गाव, वय, तारीख. खाली रकाना नाही, ओळ नाही. पहिलं पान त्यानं घरीच भरलं होतं: रंगनाथ सटवाजी खंदारे, पूर्णा, वय छत्तीस. खालचं पान कोरं. दुसऱ्या पानावर सरजाबाई, तेही कोरं. अशा वहीला कुठलं विद्यापीठ पदवी देणार नव्हतं, हे त्याला चांगलं माहीत होतं.

भिवराबाई येऊन बसली. थर्मासकडं बघितलं, मग स्वतःच झाकण उघडून त्यात चहा ओतून घेतला आणि फुंकर घालून प्यायली. रंगनाथनं काहीच न बघितल्यासारखं पेनचं टोपण काढलं.

"आता काय इचारायलाव?"

"काय पडलं ते विचारत नाही मावशी. सांगूच नका. पडलं का, एवढंच विचारतो. चांगलं, पोटात ठेवलेलं. आणि किती."

"किती?"

"आठवतील तेवढी."

"पोरपनापासून?"

"पोरपणापासून."

भिवराबाईनं चाती मांडीवर ठेवली. मेंढरं लिंबाच्या सावलीतून उठून पलीकडच्या सावलीत चालली होती, तिचं लक्ष नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. थांबली. तोंडावर काही तरी हललं, आणि अंगठा पुढच्या पेरावर सरकला. मोहराची बारकी पांढरी फुलं तिच्या पदरावर, वहीच्या कोऱ्या पानावर पडत होती. एक बोट झालं, दुसरं झालं. मधेच एका पेरावर ती फार वेळ थांबली, ओठ मुडपले, मान थोडी हलवली, आणि मग तेही मोजलं. रंगनाथनं घाई केली नाही. हाताची सगळी पेरं संपली तेव्हा तिनं डोळे न उघडता दुसरा हात पुढं घेतला.